पुढच्या खोलीचं माप

मार्चच्या सुरुवातीच्या एका रविवारी दुपारी मी अकोल्याच्या घरी पोचले, तेव्हा पुढच्या खोलीचं आतलं दार विटांनी बुजवलेलं होतं. रस्त्याकडच्या दाराच्या जागी लोखंडी शटर बसलं होतं. उजव्या भिंतीला दोन मोठे आरसे टेकवून ठेवले होते. बाहेर उभ्या टेम्पोत सागवानी पट्टीचे सहा नग होते. ते मी याच खोलीसाठी मोजून घेतले होते.

ती खोली माझी आहे, असं मी त्या दुपारपर्यंत समजत होते. कागदावर ती माझी नव्हती.

आमचे वडील मंडपवाले. लग्नाचे मंडप, कनाती, खुर्च्या, सतरंज्या असा धंदा. आम्ही दोघंच भावंडं; मी थोरली. भावाने धंदा सांभाळला. मी अमरावतीला एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्याकडे बहिणी ती करतात. जी करत नाही तिच्यासाठी माहेरचं दार पूर्वीसारखं उघडत नाही, हे कोणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. सही झाली त्या संध्याकाळी भाऊ स्वयंपाकघरात पाटावर बसून मला म्हणाला, "ताई, पुढची खोली तुही. रिटायर झाली की येजो. चावी तुह्यापाशीच राहू दे." त्याने चावी माझ्या हातात दिली. भावजय पोळ्या लाटत होती. तिने मान डोलावली. तिसरं कोणी हजर नव्हतं. हक्कसोडपत्रात खोलीचा उल्लेख नाही.

गेल्या दिवाळीनंतर अमरावतीच्या माझ्या घरमालकाने सांगितलं की तो घर पाडून इमारत बांधणार आहे. उन्हाळ्याआधी जागा सोडायची होती. माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे; जिना चढता येत नाही असं नाही, पण रोज चढता येत नाही. पुढची खोली तळमजल्यावर. तिचं एक दार रस्त्याकडे उघडतं आणि दुसरं आत, बोळीत. बोळीतून चार पावलांवर न्हाणीघर, त्याच्या पलीकडे स्वयंपाकघर. मला हवी होती ती एवढी सोय. मी भावाला कळवलं की मी येते आहे. तो म्हणाला, "ये ना. घर तुहंच हाये."

खोलीचं काम मी माझ्या खर्चाने करायचं ठरवलं. तिथे वर्षानुवर्षं मंडपाच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असत. खुर्च्या ओढून ओढून भिंतीचा तळ खरवडला गेला होता. तिथे स्कर्टिंग बसवायचं, म्हणजे भिंत आणि फरशी मिळतात त्या जागी चार बोटं उंचीची लाकडी पट्टी. सागवानी पट्टी अमरावतीत चांगली मिळते, परतवाड्याकडचा माल येतो. माप तेवढं हवं होतं. मी भावाला फोनवर म्हटलं, "सुतळी पाठव."

ही सुतळीची पद्धत वडिलांची. मंडपाचं अंगण मोजायला ते टेप नेत नसत. सुतळीचा गुंडा न्यायचे. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून अंगणाच्या कडेने सुतळी फिरवायची. कोपरा आला की गाठ. जिथे कनात लावायची नाही, म्हणजे वाट ठेवायची, तिथे वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक चिंधी बांधायची. पुन्हा पहिल्या कोपऱ्याशी आलं की सुतळी तोडायची. घरी आल्यावर ती सुतळी आमच्या अंगणात पसरायची आणि तिच्यावरून कनाती काढायच्या. गाठी बांधायचं काम आम्हा दोघांकडे असे. वडील लिहून काही ठेवत नसत. ज्याने सुतळी बांधली त्याला नंतर कोणी प्रश्न विचारत नसे. सुतळी आणि कनात यांत फरक पडला, असं माझ्या आठवणीत घडलेलं नाही.

सुतळी भावाच्या टेम्पोच्या ड्रायव्हरबरोबर आली. भावाकडे बरीच वर्षं असलेला माणूस. मंडपाचं सामान घेऊन अमरावतीला नेहमी येतो. मी ती माझ्या घराच्या गच्चीवर पसरली आणि टेपने मोजली. चार कोपऱ्यांच्या गाठी बरोबर होत्या. बारा फूट लांब, दहा फूट रुंद. खोली माझ्या आठवणीतली तीच होती. चिंध्या मात्र दोनच होत्या. दारं दोन, म्हणजे चिंध्या चार हव्यात. शिवाय ज्या दोन होत्या त्यांच्यातलं अंतर सात फूट होतं. आमच्या घरात सात फुटांचं दार नाही.

मी फोन केला.

"अरे, चिंध्या दोनच कशा?"

"आतल्या दाराच्या राह्यल्या असतीन, ताई. घाईत बांधली. तू तीन फूट वजा करून घेजो ना."

"आणि पुढच्या दाराचं माप सात फूट आलंय."

"ते मोठं केलं ना. दोन पल्ल्यायचं दुपाखी दार बसवून राह्यलो. तुह्यं कपाट, तुह्या पुस्तकाच्या पेट्या कुठून आत जातीन? खिडकीतून?"

तो हसला. मीही हसले. माझ्या कपाटाचा त्याने विचार केला होता, हे मला बरं वाटलं.

दोन ठिकाणची माहिती जुळत नसेल तर तिसऱ्या माणसाला फोन करायचा, असा आमच्या संपादकीय खोलीत नियम होता. भावजयीचा नंबर माझ्याकडे होता. मी तो लावला नाही.

दुसऱ्या दिवशी लाकडाच्या दुकानात गेले. दुकान एका मुस्लिम कुटुंबाचं, आजोबांपासूनचं. गल्ल्यावर साठीचे मालक बसतात.

"बोला मॅडम, टोटल किती फूट?"

"टोटल नको. भिंतीप्रमाणे सांगते."

"पेपरवाले!" ते शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाले. "सीधा जवाब कभी देतेच नाही."

पण हिशोब भिंतीप्रमाणेच करावा लागतो. पट्टी फुटावर मिळत नाही, नगावर मिळते आणि तिथला नग आठ फुटांचा. चारही भिंतींची बेरीज करून आठने भागलं तर कागदावर उत्तर येतं, भिंतीवर येत नाही. दहा फुटांच्या भिंतीला एक पूर्ण नग लागतो आणि वर दोन फुटांचा तुकडा. तो तुकडा ज्या नगातून कापला त्याचा उरलेला भाग दुसऱ्या कुठल्या भिंतीला चालेल, हे आधीच बघून ठेवावं लागतं. दोन तुकडे जोडायचे तर सरळ नाही, तिरपे कापतात, म्हणजे फट दिसत नाही. त्या प्रत्येक कापात थोडं लाकूड जातं. कोपऱ्यातला काप चुकला तर तुकडा बाद होतो. म्हणून एक नग वर घ्यायचा. आणि जोड कुठे येईल हे पाहायचं. दारातून आत आल्यावर पहिली नजर ज्या भिंतीवर पडते तिथे शक्यतो जोड कमी.

मी दोन हिशोब करून नेले होते. पहिला आठवणीचा: पुढच्या भिंतीत मधोमध तीन फुटांचं दार, मागच्या भिंतीत डाव्या कोपऱ्यापासून दीड फुटावर तीन फुटांचं आतलं दार. त्यात पाच नग अगदी काठोकाठ पुरत होते, म्हणजे सहा घ्यायला हवे होते. दुसरा सुतळीचा: पुढे सात फुटांची मोकळी जागा, मागची भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सलग. त्यात पाच नगांत थोडं उरत होतं. वरचा एक धरून तेही सहाच. बेरजेतही फरक एका फुटाचाच होता. भिंती वेगवेगळ्या मांडल्या नसत्या तर तो लक्षातही आला नसता. दोन्ही हिशोबांचं उत्तर एकच असल्यामुळे दोन्हींतलं खरं कोणतं, हे ठरवायचं काम मी सोडून दिलं.

मालकांनी सुतळीचा कागद उलटा करून पाहिला.

"दरवाजा एक, और वो भी सात फुट का? कमरा हाये की गॅरेज?"

"दोन आहेत. एकाची खूण राहिली."

"मग एक नग जादा ठेवा. बहन का घर हाये का?"

"भावाचं."

"मग तं दोन ठेवा," ते म्हणाले. दुकानातली माणसं हसली. मी सहाच घेतले.

त्या रविवारी भावाचा टेम्पो बडनेऱ्याचा मंडप सोडवून अकोल्याला परत जाणार होता. ड्रायव्हरने पट्ट्या सतरंज्यांच्या मधे नीट ठेवल्या, वर कनात टाकली. मी त्याच्या शेजारी बसले. माझ्याकडे एक पिशवी होती. बाकी सामान खोलीचं काम झालं की न्यायचं होतं. पर्समध्ये चावी होती.

मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. ड्रायव्हर बाकावर बसला, बशीत चहा ओतला आणि टेम्पोकडे बघून म्हणाला, "पट्टी मस्त आणली, ताई. पार्लरले उठून दिसन."

"कोणत्या पार्लरला?"

त्याने बशी तोंडाला लावली आणि पूर्ण रिकामी करूनच खाली ठेवली.

"मले वाटलं तुमाले सांगतलं असन."

"काय सांगायचं होतं?"

"मी काय सांगू, ताई. मी गाडी चालवतो." तो उठला. "चला, ऊन वाढून राह्यलं."

मूर्तिजापूर सोडलं. माहिती एका माणसाकडून आलेली होती आणि तिला दुजोरा नव्हता. भावाला फोन लावून तो मिळवता आला असता. मी रस्त्याकडे बघत भावाच्या वतीने खुलासे तयार करत होते. पार्लर शेजारच्या गाळ्यात असेल. ड्रायव्हरचा गैरसमज असेल. भावाची सून पार्लरचा कोर्स करते हे मला माहीत होतं. तिने कुठे तरी जागा घेतली असेल आणि भाऊ म्हणाला असेल, ताईच्या पट्टीतून उरली तर तुला देऊ. हा शेवटचा खुलासा मला बोरगाव मंजूपर्यंत पुरला.

घरासमोर टेम्पो थांबला. शटर अर्धं वर होतं. आत सुतार उकिडवा बसला होता, त्याच्यापुढे करवत आणि काटकोन तपासायचा गुण्या. भाऊ बाहेर आला.

"ये, ताई. ऊन लागलं का? ऐकलं का व, चाय टाक!" त्याने घराच्या बाजूला तोंड करून भावजयीला हाक मारली.

मी खोलीत गेले. मागच्या भिंतीवर डाव्या कोपऱ्याजवळ, दाराच्या आकाराचा, ओल्या सिमेंटचा पट्टा दिसत होता. त्याचा रंग बाकी भिंतीपेक्षा गडद होता. मी त्याला हात लावला. तो थंड होता.

"दार कुठाय?"

"आधी पाणी तं पे."

"दार कुठे गेलं?"

सून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिनेच उत्तर दिलं. "आत्याबाई, पार्लरमधे घरातून येणं-जाणं बरं दिसत नाई ना. बाया संकोचतात. म्हणून बुजवलं." मग भरभर म्हणाली, "वरची खोली तुमचीच हाये. मी सोता झाडून घेतली."

वरची खोली म्हणजे गच्चीवरची टिनाची. तिथे कनाती ठेवतात. बाहेरून लोखंडी जिना आहे. वळणाचा, कठडा एकाच बाजूला. न्हाणीघर खाली.

"जिना आहे ना गं," मी म्हणाले.

"हळू हळू चढजा," ती म्हणाली. ती उद्धटपणे बोलत नव्हती.

मी भावाकडे वळले. "तू मला फोनवर म्हणालास, दुपाखी दार बसवतोय. माझ्या कपाटासाठी."

"सांगणारच होतो."

"कधी?"

"तू आली की."

"मी आले."

तो सुताराकडे बघत बोलू लागला. सुतार गुण्या पुसत होता.

"पोरीनं वर्षभर कोर्स केला, ताई. रस्त्यावरची जागा बाहेर कुठं भेटते? तू एकटी हाय. तुले कितीशी जागा लागते?"

भावजय शटरपाशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. हक्कसोडपत्राच्या संध्याकाळी मान डोलावलेली तीच. तिने या वेळी माझ्याकडे पाहिलं नाही. चहा सुताराला आधी दिला.

एक गोष्ट मला अजून विचारायची होती. बोरगाव मंजूपासून मी ती मनात धरून होते आणि, खरं सांगायचं तर, तिच्या आधारानेच मी खोलीत शिरले होते. त्याला चार चिंध्या बांधता आल्या असत्या. जुन्या दारांच्या जागी, जुन्या मापाच्या. मला काही कळलं नसतं. तोंडाने तो खोटं बोलला होता, पण सुतळीवर त्याने खोटी चिंधी बांधली नव्हती. वडिलांच्या सुतळीशी त्याला तसं करवलं नसावं, असा अर्थ मी लावला होता.

"सुतळी मात्र खरी बांधलीस," मी म्हणाले. "ती कशी काय?"

त्याला प्रश्न कळला नाही. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मी चेष्टा करते आहे का हे बघावं तसं.

"मग? खोटं माप दिलं असतं तं पट्टी कमी नसती पडली का?"

ड्रायव्हर आणि सुतार पट्ट्या उतरवायला गेले. टेम्पो तिथेच होता. पट्ट्या परत नेता आल्या असत्या. मी तसं सांगितलं नाही. सुताराने पहिला नग मागच्या भिंतीच्या तळाशी लावून पाहिला, डाव्या कोपऱ्यातून. मान तिरपी करून तो म्हणाला, "एकदम बरोबर बसते, ताई. माप कोनं घेतलं?"

"मीच," भाऊ म्हणाला.

चहा मी घेतला. कप रिकामा करून बाहेरच्या ओट्यावर ठेवला. भाऊ म्हणाला, "जेवून जा." भावजय म्हणाली, "वरणफळं केले हायेत." मी म्हणाले, गाडीची वेळ झाली आहे. गाडीला वेळ होता. भाऊ स्टेशनवर सोडायला येतो म्हणाला आणि शटरच्या बाहेरपर्यंत आलाही. तिथे त्याला मंडपाचा एक फोन आला. तो फोनवर अंगणाचं माप विचारत असताना मी रिक्षाला हात केला.

घरमालकाने सांगितलेल्या मुदतीत मी जागा सोडली. आता अमरावतीतच, दुसऱ्या भागात, तळमजल्यावरच्या एका खोलीत भाड्याने राहते. न्हाणीघर आत आहे. पुस्तकांच्या पेट्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी आहेत. चावी माझ्याकडे आहे. तिचं कुलूप ज्या दाराला होतं ते दार नाही. सुतळी मी गुंडाळून ठेवली होती. ती खोली बदलताना सापडली, दोन गाठींमधल्या दोन चिंध्यांसह. लाल रंगाच्या होत्या, कनातीच्या कापडाच्या.

अकोल्याहून मधे एकदा फोन आला. भाऊच होता.

"ताई, सहावा नग उरला. तुले पायजे का, का काउंटरले लावू?"

"लाव," मी म्हणाले.

"मले वाटलंच तू नाई म्हणणार नाई," तो म्हणाला, आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

गुढीपाडव्याला पार्लर सुरू झालं. मी गेले नाही. सुनेने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकले. नारळ फोडताना भाऊ, आरशासमोर भावजय, शटरला झेंडूचं तोरण. एका फोटोत मागची भिंत पूर्ण दिसते. तिच्यासमोर नव्या फिरत्या खुर्च्या आहेत, त्यांच्या मागे तळाशी सागवानी पट्टी. आठ फुटांचा नग डाव्या कोपऱ्यातून सुरू होतो, आतलं दार होतं त्या जागेवरून अखंड पुढे जातो आणि चार फुटांचा तुकडा त्याला उजवीकडे येऊन मिळतो. जोड एकच आहे.